परदेशातून मुंबईत परतताना: घर लावायच्या आधी एक पावसाळा काढा

मुलुंड पूर्वेचा तो भाड्याचा फ्लॅट आम्ही एप्रिलच्या शेवटी पाहिला. ताजा रंग, पश्चिमेचा वारा, खिडकीसमोर गुलमोहर. नऊ वर्षं स्टुटगार्टला राहून, शेवटचे चार महिने व्हिएतनाम-थायलंड फिरून आम्ही परतलो होतो आणि कधी एकदा आपल्या घरात सामान लावतो असं झालं होतं. दोन दिवसांत टोकन दिलं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर तळहाताएवढा डाग उमटला. आठ दिवसांनी कुबट वास यायला लागला म्हणून कपाट पुढे ओढलं, तर मागच्या भिंतीचे पोपडे सुटले होते. कपाटाची पाठ फुगली होती आणि आत टांगलेल्या दोन लोकरी कोटांवर पांढरी बुरशी चढली होती. मालकांना विचारलं तेव्हा कळलं, दरवर्षी तिथेच ओल येते आणि दरवर्षी पावसाळ्याआधी रंग मारला जातो.

तेव्हापासून परतणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगते. पहिलं घर भाड्याने घ्या आणि त्यात एक अख्खा पावसाळा काढा. तोवर विकत घर नको, भिंतीला ठोकून बसवलेलं फर्निचर नको आणि मोठा निर्णयही नको. पुढचं सगळं निघण्याआधीपासून ऑक्टोबरपर्यंत याच क्रमाने लिहिलं आहे.

निघण्याआधी

सगळ्यात आधी भारतातला मोबाइल नंबर तपासा. तीन महिने न वापरलेलं सिम बंद होऊन तोच नंबर दुसऱ्या कुणाला जाऊ शकतो. आधार, बँक, पॅन सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येत असतात, त्यामुळे तो गेला की पुढची दहा कामं अडतात. माझा नंबर असाच गेला होता आणि तो आधारवर बदलेपर्यंत घराचा करारसुद्धा थांबला. तसाच परदेशातला नंबरही लगेच बंद करू नका. तिकडच्या बँकेचे, पेन्शनचे, घराची अनामत परत मिळण्याचे निरोप पुढचे पाच-सहा महिने येत राहतात.

आरोग्य विमा निघण्याआधीच घ्या. नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून दुसरं काही मिळत नाही आणि आधीपासून असलेल्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. हे दिवस जितक्या लवकर मोजायला लागाल तितकं बरं. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर लपवू नका. दाव्याच्या वेळी तेच अंगाशी येतं.

कागदांचं एक वेगळं पाकीट करा आणि ते हातातल्या बॅगेत ठेवा. त्यात जुने-नवे सगळे पासपोर्ट, नोकरीची पत्रं, मुलांची गेल्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं, शाळा सोडल्याचा दाखला, लसीकरणाची नोंद आणि डॉक्टरांचे कागद हवेत. जर्मन, डच, अरबी अशा भाषेतल्या कागदांची अधिकृत भाषांतरं तिकडेच करून घ्या. इथे आल्यावर ती करणारा माणूस शोधण्यात आठवडे जातात.

कुठलं सामान आणायचं

माझं मत स्पष्ट आहे: पुस्तकं, भांड्यांतली आवडती चार, मुलांच्या वस्तू, एखादं वाद्य आणि ज्या वस्तूकडे पाहून ती वर्षं आठवतील अशा थोड्या गोष्टी आणा. सोफा, पलंग आणि सुट्ट्या फळ्या जोडून केलेली कपाटं तिकडेच देऊन टाका. भुसा दाबून केलेल्या त्या फळ्या कोरड्या हवेत टिकतात. मुंबईत पहिल्या पावसाळ्यात त्या खालून फुगतात आणि फरशी पुसतानाचं पाणी लागून वर्षभरात पापुद्रे सुटतात.

विजेच्या वस्तूंचा हिशोब देशाप्रमाणे बदलतो. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. युरोपातल्या वस्तू त्याच विजेवर चालतात, पण अमेरिकेतलं १२० व्होल्टचं मिक्सर किंवा हीटर थेट लावलं तर जळणार. लॅपटॉप-मोबाइलच्या चार्जरवर १००–२४० असं छापलेलं असेल तर चिंता नाही. युरोपातून येणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र मनावर घ्यावी. तिकडचा दोन पिनांचा जाड प्लग आपल्या सॉकेटमध्ये बसल्यासारखा वाटतो, पण सैल राहतो आणि त्याचं अर्थिंग बाजूच्या पट्ट्यांतून असल्यामुळे इथे ते जोडलंच जात नाही. आमच्या इस्त्रीच्या प्लगजवळ ठिणगी उडाली तेव्हा हे समजलं. इस्त्री, ओव्हन, किटली यांचे प्लग कापून इलेक्ट्रिशियनकडून आपले १६ अँपियरचे तीन पिनांचे लावून घ्या. अ‍ॅडॉप्टरवर दिवस ढकलू नका.

जहाजाने सामान पाठवत असाल तर ते न्हावा-शेव्याच्या बंदरात उतरेल. तिथे कस्टम्सची सवलत तुम्ही किती काळ बाहेर होतात आणि मधल्या काळात किती दिवस भारतात येऊन गेलात यावर ठरते, म्हणून पासपोर्टवरचे शिक्के महत्त्वाचे. नियम आणि मर्यादा अधूनमधून बदलतात, त्यामुळे पेटी भरण्याआधी त्या महिन्यातले नियम पाहा. प्रत्येक खोक्यात काय आहे ते नावानिशी, अंदाजे किमतीसह आणि कधी घेतलं त्या वर्षासह लिहा. आमच्या पॅकर्सनी सात नंबरच्या खोक्यावर ‘इतर घरगुती’ एवढंच लिहिलं. आत लेकीची चित्रकलेच्या वह्यांची आणि रंगांची पेटी होती. खोका उघडून तपासेपर्यंत सगळं सामान अडकलं आणि गोदामाचं भाडं आमच्यावर चढत राहिलं.

भाग निवडताना

गावी परतल्यासारखं जुन्या भागातच राहावं असं वाटतं. तसं जमलं तर छानच, पण तुम्ही सोडून गेलेली मुंबई आणि आताची मुंबई यांचे रस्ते वेगळे आहेत. घाटकोपर–अंधेरी–वर्सोवा मेट्रो २०१४ सालची. शिवडीहून न्हावा-शेव्याला जाणारा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण धावते. त्यामुळे मरोळ किंवा सहारला राहून फोर्टात नोकरी हा प्रकार आता पूर्वीइतका जिवावरचा राहिलेला नाही.

ऑफिस किंवा शाळा ठरली की तो प्रवास कामाच्या दिवशी, कामाच्या वेळी स्वतः करून पाहा. रविवारी दुपारी गाडीने घर पाहायला गेलात तर काहीच कळणार नाही. सकाळी साडेआठला त्या स्टेशनच्या पुलावर उभे राहा. स्लो गाडीत चढता येतं का, फास्ट तिथे थांबते का, घरापासून रिक्षा मिळते का की शेअर रिक्षाच्या रांगेत वीस मिनिटं जातात, हे तिथेच दिसतं. दहा वर्षांत लोकलच्या गर्दीत शिरायची सवय मोडलेली असते. पहिले दोन महिने गर्दीची वेळ टाळता आली तर टाळा, त्यात कमीपणा नाही.

आणि त्या गल्लीतल्या जुन्या माणसाला एक प्रश्न विचारा: ‘२६ जुलैला इथे पाणी कुठवर आलं होतं?’ २००५ च्या त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता आणि त्या वेळी मुंबईत असलेल्या प्रत्येकाला आपल्या गल्लीतली पाण्याची पातळी पायरीसकट आठवते. वाणी, वॉचमन, इस्त्रीवाला, कोणीही सांगेल. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही पाणी तुंबण्याची ठिकाणं सगळ्यांना माहीत असतात. तुमच्या इमारतीसमोरचा खोलगट कोपरा मात्र त्या इस्त्रीवाल्यालाच माहीत असतो.

फ्लॅट पाहताना

इथे वेळ घालवा. एकच फ्लॅट किमान दोनदा पाहा: एकदा सकाळी पाणी येण्याच्या वेळी आणि एकदा संध्याकाळी सातनंतर, लोक घरी असताना.

भिंतीवर हात ठेवा. मुंबईत पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे दक्षिण आणि पश्चिमेच्या बाहेरच्या भिंती सगळ्यात जास्त भिजतात. त्या भिंतींवर रंग नवा असेल आणि बाकीच्या घरात जुना, तर थेट विचारा. खिडकीच्या चौकटीखालचा भाग, कपाटामागची जागा, बाथरूमच्या बाहेरची भिंत आणि छत नीट पाहा. रंगाखाली फुगवटा असेल तर बोटाने हलकं दाबल्यावर पोकळ लागतं. बाथरूमच्या छतावर पिवळट वर्तुळं असली तर गळती वरच्या घरातून आहे. तिची दुरुस्ती वरच्या सभासदाकडे येते, तर गच्ची आणि बाहेरच्या भिंतींची दुरुस्ती सोसायटीकडे. वरच्या मजल्यावर भांडकुदळ शेजारी असेल तर ती दुरुस्ती तुमच्या आयुष्यात होणार नाही, म्हणून हे आधीच विचारून ठेवा. फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर असेल तर गच्चीवर जाऊन या. डांबराचे थर, ताडपत्री, पत्र्याची शेड यांतलं काय आहे यावरून सोसायटीला गळतीचा किती त्रास आहे ते समजतं.

सगळे नळ एकदम उघडा. मुंबईला पाणी सात तलावांतून येतं: भातसा, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडकसागर, तानसा, विहार आणि तुळशी. महापालिका प्रत्येक भागाला ठरावीक वेळी पाणी सोडते, पुढचं सोसायटीच्या टाक्यांवर असतं. म्हणून वॉचमनला विचारा की पाणी किती वाजता येतं, मे महिन्यात टँकर मागवावा लागतो का, पिण्याचं आणि वापरायचं पाणी वेगळं आहे का. तलावाचं पाणी मुळात मऊ असतं. फक्त पालिकेचं पाणी असेल तर महागड्या आर.ओ. यंत्राची गरज बहुतेक घरांना नसते, साधं यू.व्ही. यंत्र पुरतं. बोअरवेल किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल तर गोष्ट वेगळी. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं छोटं यंत्र सहज मिळतं, यंत्रविक्रेत्याच्या शब्दावर जाण्यापेक्षा स्वतः मोजून पाहा.

लिफ्ट, जिना, पार्किंग या गोष्टी डोळ्यांना दिसतातच. जागेचं माप मात्र कार्पेटमध्येच, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेचंच विचारा. आणि कबुतरं पाहा. खिडकीच्या छज्जावर विष्ठेचा थर असेल तर जाळी कोण लावणार हे करारातच लिहून घ्या.

करार

‘अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी कशाला?’ असं एजंट म्हणाले तर ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर राहायला देण्याचा, प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो. नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. आणि तुम्हालाही ती हवीच आहे, कारण नोंदणी केलेला करार हाच तुमचा पत्त्याचा पुरावा. आधारवरचा पत्ता, बँक, गॅस, मुलांची शाळा सगळं त्याच्यामागे उभं असतं. परतल्यावर पहिला कागद हा, बाकीचे नंतर.

मुद्रांक शुल्काचा हिशोब सोपा आहे. पूर्ण मुदतीचं भाडं आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर दरवर्षी १० टक्के धरून येणारं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. समजा भाडं ४०,००० रुपये, मुदत २४ महिने, अनामत दीड लाख. भाडं झालं ९,६०,०००, अनामतीवर दोन वर्षांचे ३०,०००, एकूण ९,९०,०००. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे २,४७५ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. एजंटनी याच्या दुप्पट-तिप्पट आकडा सांगितला तर फोड मागा. त्यातला काही भाग त्यांच्या घरी येण्याच्या सेवेचा असतो आणि तो घासाघीस करून ठरतो. दलाली मुंबईत साधारण एका महिन्याचं भाडं.

नोंदणी ऑनलाइन होते. एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतात. बोटांचे ठसे जुळले नाहीत किंवा आधार अद्ययावत नसेल तर दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जावं लागतं. त्याची तयारी ठेवा.

करारात काय लिहायचं? लॉक-इन (ज्या काळात घर सोडता येत नाही) किती महिन्यांचं, नोटीस किती, अनामत चावी दिल्याच्या दिवशीच परत, ओल आणि गळतीची दुरुस्ती मालकाकडे, रंगाचे पैसे अनामतीतून कापणार की नाही. शेवटच्या दोन गोष्टी आम्ही लिहून घेतल्या नव्हत्या आणि घर सोडताना दोन्हींवरून वाद झाला. सोसायटी भाडेकरू असल्याबद्दल जे बिनभोगवटा शुल्क घेते ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही आणि ते मालकाने भरायचं असतं. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन देणं हेही मालकाचं काम, पण त्याची पोच मागून घ्या.

‘हेवी डिपॉझिट’ नावाचा प्रकार परतणाऱ्या लोकांना खूप गोड वाटतो. हातात परदेशातली बचत असते आणि दरमहा भाडं नाही म्हटलं की भुरळ पडते. माझा सल्ला, नको. वीस-पंचवीस लाख एका अनोळखी माणसाच्या हातात देऊन ते परत मिळतील या विश्वासावर रात्री झोप लागत नाही.

पहिला पंधरवडा

चावी मिळाली त्याच दिवशी वीजमीटरचा फोटो काढा आणि मागची थकबाकी नाही ना ते पाहा. वीज कोणाची हे भागावर ठरतं: शहर भागात बेस्ट, उपनगरात अदानी किंवा टाटा, आणि भांडुप-मुलुंडला महावितरण. महानगर गॅस कंपनीची पाइप गॅसची जोडणी इमारतीत असेल तर मालकांकडून ग्राहक क्रमांक घ्या. जुनी सिलिंडरवर चालणारी शेगडी पाइप गॅसला तशीच लावता येत नाही, तिचे जेट बदलून घ्यावे लागतात. ते काम गॅस कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या. नाहीतर ज्योत पिवळी पडते आणि भांड्यांची बुडं काळी होतात.

पहिल्या आठवड्यात दोन गाद्या, एक कुकर, कढई, तवा, चार ताटं-वाट्या, बादल्या, पंखे चालू आणि फ्रिज, इतक्यावर राहा. खरंच राहता येतं. जेट लॅगमध्ये पहाटे तीनला जाग येते तेव्हा रिकामं घर बरं वाटतं.

दूध उतू घालायचं ते पहिल्या दिवशीच घाला, भाड्याचं घर असलं तरी. सासूबाईंनी फोनवरून आठवण केली म्हणून मी ते केलं. पातेल्यातून दूध ओट्यावर सांडताना लेक टाळ्या वाजवत होती, आणि त्या क्षणी मला आपण घरी आलो असं वाटलं.

कचरा ओला आणि सुका वेगळा ठेवायचा, तो कधी नेतात ते मजल्यावर विचारून घ्या. पालिकेच्या तक्रारींसाठी १९१६ हा नंबर फोनमध्ये साठवा.

पैसे आणि सरकारी कागद

कायमचे परत आलात की एनआरई-एनआरओ ही अनिवासी भारतीयांची खाती तशीच चालू ठेवता येत नाहीत. बँकेला कळवून ती निवासी खाती करून घ्यावी लागतात. परकी चलन ठेवायचं असेल तर आरएफसी नावाचं खातं असतं. परदेशात असताना केलेली तिकडची गुंतवणूक किंवा घर विकावंच लागतं असं नाही, फेमा हा परकी चलनाचा कायदा ते ठेवायला परवानगी देतो. प्राप्तिकरात परतल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षं ‘निवासी पण सामान्यतः निवासी नाही’ असा दर्जा मिळू शकतो: आधीच्या १० वर्षांपैकी ९ वर्षं अनिवासी असाल किंवा आधीच्या ७ वर्षांत भारतात ७२९ दिवस किंवा कमी राहिलेले असाल तर. त्या काळात परदेशातल्या उत्पन्नावर साधारणपणे इथे कर लागत नाही. तो दर्जा संपला की मात्र परदेशातली सगळी खाती विवरणपत्रात दाखवावी लागतात. यासाठी सीएची एक बैठक घ्या, परतीची तारीख ठरवण्याआधी. एखादा महिना मागे-पुढे केल्याने वर्षाचा दर्जा बदलतो.

आधारवर नवा पत्ता, मग पॅन-आधार जोडणी, मग मतदार यादी. वाहन परवाना संपला असेल तर आपल्या भागाचं आरटीओ कोणतं ते पाहा. मुलुंड-घाटकोपरकडचे लोक वडाळ्याला, म्हणजे एमएच ०३ ला जातात.

घर लावताना

बाहेरच्या भिंतीपासून कपाट तीन-चार बोटं पुढे ठेवा, मागून हवा फिरू द्या. जमिनीपासूनही चार बोटं वर, पायांवर उभं असलेलं कपाट घ्या. स्वयंपाकघरात काही करून घ्यायचंच असेल तर सुताराला पाणी सोसणारं मरीन प्लाय वापरायला सांगा आणि फळीवरचा छाप स्वतः पाहा. भाड्याच्या घरासाठी जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात जुनं सागवानी कपाट मिळालं तर नव्या चकचकीत कपाटापेक्षा ते कितीतरी चांगलं. दिवे, पंखे, वायरी लोहार चाळीत घाऊक भावात मिळतात. पडद्यांचं कापड मंगळदास मार्केटमध्ये बघा, पण आधी खिडक्यांची मापं कागदावर लिहून न्या.

लोकरी कपडे, चामड्याच्या बॅगा, बूट, कॅमेरा यांची पावसाळ्यात राखण करावी लागते. लोकरीचे कपडे मे महिन्याच्या उन्हात दोन दिवस वाळवून, हवाबंद पिशवीत, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवा. चामड्याच्या वस्तू हवाबंद करू नका. त्या सुती कापडात गुंडाळून पंख्याची हवा लागेल अशा फळीवर ठेवा आणि पंधरा दिवसांनी पुसा. पुस्तकं भिंतीला टेकवून दाटीने रचू नका. मुंबईत मोसमी पाऊस सरासरीने ११ जूनच्या आसपास पोचतो, म्हणजे ही सगळी कामं मे संपायच्या आत.

कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करा, डेंग्यूचा डास तिथल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. आणि पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची भीती खरी आहे.

माणसं

कामाला मावशी हव्या असतील तर शेजारणीला विचारा. त्या जिच्याबद्दल चांगलं बोलतील तिलाच घ्या. केर-फरशी, भांडी, पोळ्या, कपडे यांचे पैसे वेगवेगळे ठरतात. सुट्ट्या किती आणि दिवाळीला एक पगार बोनस हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या. परदेशात सगळं स्वतः केलेलं असल्यामुळे आपल्याला कोणी भांडी घासून देतंय याचा संकोच वाटतो. तो संकोच योग्य पगार, बसायला खुर्ची आणि गरम चहा यांत उतरवा.

मजल्यावरच्या तीन घरांत स्वतः जाऊन ओळख करून द्या. आमच्या समोरच्या काकू पहिल्या पावसात न सांगता आमच्या बाल्कनीतले कपडे काढून ठेवत, कारण मी त्यांच्याकडे चावी ठेवली होती. लोक ‘परत का आलात?’ असं विचारतील, वर्षभर विचारतील. एक खरं, छोटं उत्तर ठरवून ठेवा. आम्ही ‘आई-बाबांचं वय झालं’ असं सांगायचो, आणि ते खरंच होतं. ‘आमच्या तिकडे असं नसतं’ हे वाक्य मात्र तोंडातून निघू देऊ नका. ऐकणाऱ्याला लागतं.

मुलांना मराठी बोलता येत असलं तरी लिहिता येईलच असं नाही. राज्यात २०२० च्या कायद्याने सगळ्या शाळांत मराठी सक्तीची आहे, बोर्ड कुठलंही असलं तरी. म्हणून निघायच्या सहा महिने आधीपासून रोज दहा ओळी लिहायची सवय लावा. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात, सीबीएसईच्या बऱ्याच शाळा एप्रिलमध्ये, त्याप्रमाणे परतीचा महिना ठरवा. लेकीला पहिले दोन महिने वर्गात कोणी मैत्रीण नव्हती. तिला शनिवारी कालिदास नाट्यगृहात बालनाट्याला न्यायला लागले, खाली मैदानात लंगडी खेळायला पाठवलं. गणपतीत सोसायटीच्या आरतीला तिने टाळ हातात घेतले आणि मग ती मला शोधत आली नाही.

ऑक्टोबर

पाऊस थांबला की घर पुन्हा एकदा भिंतीभिंतीने पाहा. वॉटरप्रूफिंग आणि रंगाची कामं ऑक्टोबरनंतर आणि मेच्या मध्याआधी होतात. आता तुम्हाला प्रवास माहीत झालेला असतो. पाणी कधी जातं, कुठल्या खिडकीतून पाऊस आत येतो, भाजी कुठे चांगली मिळते, आई-वडिलांकडे किती मिनिटांत पोचता येतं, हेही.

विकत घ्यायचं असेल तर इथून सुरुवात करा. इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) आहे का, सोसायटीच्या नावावर जमिनीचं अभिहस्तांतरण झालंय का, नवी इमारत असेल तर महारेरा या बांधकामांवरच्या नियामकाकडचा नोंदणी क्रमांक काय, जुनी असेल तर पुनर्विकासाची बोलणी कुठवर आलीत, हे कागदावर पाहा. मुंबईत खरेदीवर मुद्रांक शुल्क ६ टक्के आहे, घर बाईच्या नावावर घेतलं तर ५ टक्के, आणि नोंदणी फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये. घर माझ्या नावावर घ्यायचा निर्णय आम्ही इथेच घेतला. पागडीचं, म्हणजे जुन्या भाडेपद्धतीतलं, घर स्वस्त दिसलं तरी वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जुलैत काढलेले भिंतीचे फोटो फोनमध्ये ठेवले होते ते मी प्रत्येक घर पाहताना एजंटला दाखवायचे. आता राहतो ते घर सातवं. मी फोटो दाखवून पश्चिमेच्या भिंतीबद्दल विचारलं, तर मालकीणबाई काही न बोलता उठल्या, यजमानांना हाक मारली आणि दोघांनी मिळून लोखंडी कपाट भिंतीपासून पुढे ओढलं. मागे जुना, पिवळसर पडलेला रंग होता. मी हात लावून पाहिला. भिंत कोरडी होती.